‘कापूस राजा’ची धमकी आणि लँकेशायरची भूक

४ मार्च १८५८. अमेरिकेच्या सिनेटमध्ये साउथ कॅरोलायनाचे जेम्स हेन्री हॅमंड बोलायला उभे राहिले. स्वतः बडे मळेवाले, शेकडो गुलामांचे धनी. त्यांच्या भाषणाचा मथितार्थ असा होता : आमच्याशी युद्ध करण्याची छाती जगातल्या कोणत्याही सत्तेला होणार नाही, कारण कापूस हा राजा आहे. आम्ही तीन वर्षे कापूस पिकवला नाही, तर इंग्लंड कोसळेल आणि सगळे सुधारलेले जग आपल्याबरोबर घेऊन कोसळेल.

तीनच वर्षांनी या सिद्धान्ताची परीक्षा झाली. निर्बंध घातले, व्यापार तोडला, की समोरच्या देशातले लोक आपल्याच सरकारवर दबाव आणतात आणि आपल्याला हवे ते घडते, हा समज फार जुना आहे आणि तो आजही तितकाच टवटवीत आहे. त्या समजाची इतक्या मोठ्या प्रमाणावर झालेली चाचणी एकोणिसाव्या शतकात दुसरी क्वचितच सापडेल. हा धागा त्या चाचणीविषयी आहे. मुंबई, खानदेश आणि वऱ्हाडही या कथेत येतात, आणि ते केवळ तोंडी लावण्यापुरते नव्हे.

प्रथम आकडे पाहू. १८६० मध्ये ब्रिटनने सुमारे १३९ कोटी रत्तल कापूस आयात केला. त्यातला तीन-चतुर्थांशांहून अधिक अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, म्हणजे गुलामांनी वेचलेला. तो लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरे, आगगाडीने मँचेस्टर, प्रेस्टन, ब्लॅकबर्न, अॅश्टन, स्टेलीब्रिज या गावांत जाई आणि तिथल्या गिरण्यांत त्याचे सूत व कापड होई. या धंद्यात थेट राबणारे हात चार लाखांहून अधिक होते. त्यांच्या जिवावर चालणारी घरे, दुकाने, कोळशाच्या खाणी, जहाजे धरली, तर ब्रिटनची जवळपास पाचवा हिस्सा प्रजा कापसावर जगते, असे तेव्हाचे लोक म्हणत. हॅमंड यांची बढाई अगदीच हवेतली नव्हती.

एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध सुरू झाले. लिंकन यांनी १९ एप्रिलला दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पाठ्यपुस्तकांत ती बहुधा निसटते. कापूस केवळ उत्तरेच्या नाकेबंदीमुळे अडला नाही. १८६१ मध्ये उत्तरेचे आरमार तोकडे होते आणि हजारो मैलांच्या किनाऱ्यावर पहारा ठेवणे त्याला शक्य नव्हते. त्या पहिल्या हंगामात दक्षिणेनेच आपला कापूस अडवून धरला. फुटीर सरकारने तसा कायदा कधीच केला नाही; पण मळेवाले, अडते आणि ठिकठिकाणच्या सार्वजनिक समित्या यांनी मिळून माल बंदरापर्यंत येऊच दिला नाही. पुढे तर शत्रूच्या हाती लागू नये म्हणून लाखो गाठी जाळून टाकल्या. ‘द टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल त्या वसंतात चार्ल्स्टनमध्ये होता. तिथले प्रतिष्ठित लोक त्याला निःशंकपणे सांगत, की तुम्हाला आमचा कापूस हवा आहे, तेव्हा तुम्ही आम्हाला मान्यता देणारच. बोलण्यात विनंती नव्हती, हिशेब होता.

हा हिशेब दोन ठिकाणी चुकला.

पहिली चूक अगदी रोकडी होती. १८५९ आणि १८६० ही वर्षे अमेरिकेत अमाप पिकाची होती. लिव्हरपूलची गोदामे भरलेली होती. शिवाय लँकेशायरने त्या दोन वर्षांत इतके कापड विणून ठेवले होते, की हिंदुस्थानच्या आणि चीनच्या बाजारांत ते पडून होते. १८६१ च्या शरदात गिरण्यांनी काम कमी केले, त्यामागे टंचाईची भीती होती, तशी हीही अडचण होती की माल खपत नव्हता. ज्या गिरणीवाल्यांकडे जुना साठा होता, त्यांना भाव चढल्यावर तो विकून नफाच झाला. म्हणजे ज्या वर्गाने सरकारवर दबाव आणावा अशी दक्षिणेची अपेक्षा होती, त्यातल्या बऱ्याच जणांना पहिले वर्षभर तातडी नव्हती. नेमके याच काळात ब्रिटनमध्ये पीक बुडाले आणि उत्तर अमेरिकेचा गहू मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. ‘कापूस राजा’ विरुद्ध ‘गहू राजा’ असा वाद इतिहासकारांनी पुढे पुष्कळ घातला. गव्हामुळे ब्रिटन युद्धापासून दूर राहिला, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण व्यापाराचे दोर एकाच बाजूला बांधलेले नव्हते, एवढे त्यावरून दिसते.

दुसरी चूक माणसांच्या मनाविषयीची होती, आणि या धाग्याचा खरा विषय ती आहे.

आरंभी ब्रिटिश लोकमत उत्तरेच्या बाजूने मुळीच नव्हते. मार्च १८६१ मध्ये मॉरिल जकात कायदा आला आणि उत्तरेने परदेशी मालावरचे कर वाढवले. खुल्या व्यापाराला जवळजवळ धर्म मानणाऱ्या मँचेस्टरला हा घाव वर्मी लागला. दक्षिण मात्र खुल्या व्यापाराची भाषा बोलत होती. त्यातच लिंकन सुरुवातीला सांगत होते, की हे युद्ध संघराज्य टिकवण्यासाठी आहे, गुलामगिरी उखडण्यासाठी नव्हे. मग सामान्य इंग्रजाने उत्तरेसाठी का झुरावे? नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या एका युद्धनौकेने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपालजहाजावरून दक्षिणेचे दोन दूत उचलले, तेव्हा ब्रिटन आणि उत्तर यांच्यातच युद्ध पेटते की काय अशी वेळ आली.

‘ट्रेंट’ प्रकरणातला एक उपकथाभाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो, आणि त्या काळी जगातला उत्तम सोरा बिहार-बंगालमधून येई. उत्तरेच्या सरकारसाठी द्यू पाँ घराण्यातला लामो द्यू पाँ लंडनमध्ये येऊन गुपचूप सोऱ्याची मोठी खरेदी करत होता. ‘ट्रेंट’ची बातमी येताच ब्रिटिश सरकारने सोऱ्याच्या निर्यातीवर बंदी घातली. लिंकन यांनी दोन्ही दूत सोडून दिले आणि जानेवारी १८६२ मध्ये बंदी उठली. हा निर्बंध नेमका, अल्पकाळाचा आणि सरकारने सरकारवर घातलेला होता. त्याची झळ कोणाच्या चुलीपर्यंत गेली नाही. कापूसबंदीची जातकुळी निराळी होती. तिचा रोखच मुळी चुलीवर होता.

१८६२ च्या उन्हाळ्यापासून ती चूल विझू लागली. त्या वर्षी ब्रिटनची कापसाची आयात सुमारे ५२ कोटी रत्तलांवर आली. वर्षअखेरीस लँकेशायर आणि लगतच्या भागांत सुमारे ५ लाख माणसे कोणत्या ना कोणत्या मदतीवर जगत होती. बचत संपली, मग भांडी आणि अंथरूण-पांघरूण गहाण पडले. मदत आठवड्याला माणशी दोन शिलिंगांच्या आसपास. गिरणीतल्या मुलींसाठी शिवणवर्ग निघाले, पुरुषांना दगड फोडण्याचे काम मिळाले. हे सगळे मुकाट्याने झाले, असे नाही. मार्च १८६३ मध्ये स्टेलीब्रिजमध्ये मदत रोख न देता चिठ्ठ्यांवर देण्याचे ठरले, तेव्हा लोकांनी दुकाने फोडली आणि लष्कर बोलवावे लागले. कापूसटंचाईतला ‘धीरोदात्त, शांत कामगार’ हे चित्र रंगवताना स्टेलीब्रिज बाजूला ठेवले जाते.

आता त्या प्रसिद्ध सभेकडे वळू. ३१ डिसेंबर १८६२, मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल. ही इमारत ज्या मैदानावर उभी आहे, तिथेच १८१९ मध्ये मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडदळ घातले गेले होते. पीटर्लू हत्याकांड ते हेच. दुसऱ्या दिवशी लिंकन यांची मुक्तीची घोषणा अमलात येणार होती. सभेने लिंकन यांना एक पत्र पाठवले : गुलामगिरी नष्ट करण्याच्या कामात आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी उत्तर दिले. लँकेशायरच्या कामगारांचे हाल आपल्याला ठाऊक आहेत, आणि अशा हालात त्यांनी घेतलेली भूमिका हे कोणत्याही युगात, कोणत्याही देशात न ओलांडले गेलेले ख्रिस्ती शौर्य आहे, असे त्यांनी लिहिले. फेब्रुवारीत ‘जॉर्ज ग्रिस्वल्ड’ हे जहाज न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी आणि नागरिकांनी पाठवलेले पीठ व इतर शिधा घेऊन लिव्हरपूलला लागले. त्यातले पिठाचे एक पिंप रॉचडेलच्या संग्रहालयात अजून जपून ठेवले आहे.

समाजमाध्यमांवर ही गोष्ट साधारण इथे संपते. उपाशी कामगारांनी स्वातंत्र्यासाठी भाकरी नाकारली. डोळे पाणावतात आणि आपण पुढच्या पोस्टकडे जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र इथे थांबून विचारायला हवे : त्या सभागृहात नेमके कोण होते, आणि जे नव्हते त्यांचे काय मत होते?

१९७२ मध्ये मेरी एलिसन यांनी लँकेशायरची स्थानिक वृत्तपत्रे आणि सभांचे वृत्तान्त चाळून असे मांडले, की टंचाईची झळ जिथे सर्वांत तीव्र होती, तिथे दक्षिणेला मान्यता द्यावी, नाकेबंदी मोडावी, अशी मागणी पुष्कळ जोरात होती. लिव्हरपूल तर उघडच दक्षिणेकडे झुकलेले. शेजारच्याच बर्कनहेडच्या गोदीत बांधलेले ‘अलाबामा’ जहाज जुलै १८६२ मध्ये बाहेर पडले आणि उत्तरेची व्यापारी जहाजे बुडवत हिंडले. खुद्द ‘मँचेस्टर गार्डियन’ लिंकन यांच्यावर सडकून टीका करत होता आणि फ्री ट्रेड हॉलच्या सभेवरही त्याने तोंडसुख घेतले. दोन्ही बाजूंच्या संस्था होत्या, व्याख्याते होते, छापील पत्रके होती. एप्रिल १८६३ मध्ये लिंकन यांनी ब्रिटनमधल्या सभांत मंजूर व्हावा म्हणून एका ठरावाचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहून रॉचडेलचे गिरणीमालक आणि खासदार जॉन ब्राइट यांच्याकडे पोहोचवला. दक्षिणेने मार्च १८६३ मध्ये युरोपात कापसाच्या तारणावर ३० लाख पौंडांचे कर्जरोखे विकायला काढले. ज्याने रोखे घेतले, त्याचे मत कुठे झुकणार हे सांगायला नको. लोकमत आपोआप उमलत नव्हते. ते घडवले जात होते, दोन्हीकडून.

मग एलिसन यांचे म्हणणे अखेरचे मानावे का? माझ्या मते, नाही. पुढे रिचर्ड ब्लॅकेट यांनी २००१ मध्ये हाच प्रदेश पुन्हा तपासला आणि मते विभागलेली असली, तरी संघटित कामगारांमधला उत्तरेचा पाठिंबा खरा होता, हे दाखवले. मला त्याहून वजनदार वाटते ती शत्रूची साक्ष. हेन्री हॉट्झ हा दक्षिणेचा लंडनमधला प्रचारक. ‘द इंडेक्स’ नावाचे साप्ताहिक तो चालवी. मोठा चतुर माणूस. इंग्रज वाचकाला काय रुचते याची त्याला उत्तम जाण होती. आपल्या सरकारला पाठवलेल्या अहवालात त्याने कबूल केले, की लँकेशायरचे गिरणी कामगार हा एकच वर्ग असा आहे जो वर्ग म्हणून आपल्याशी वैर धरून आहे. आपल्या हालअपेष्टांचे मूळ ते आपल्याला आणि गुलामगिरीला समजतात. हॉट्झला हा लोकांच्या विचारांतला विचित्र गोंधळ वाटला.

मला त्यात गोंधळ दिसत नाही. कापूस कोणी अडवला? आरंभी तो दक्षिणेनेच अडवला, आणि तसे जाहीरपणे, मिशीला पीळ देत अडवला. कामगाराला उपाशी ठेवून त्याच्याकरवी सरकारचा हात पिरगळायचा, हा डाव झाकलेला नव्हता. आपली भूक हे दुसऱ्याच्या हातातले हत्यार आहे, हे ज्याला कळते तो हत्यार चालवणाऱ्यावर माया करील, ही अपेक्षाच अजब होती. त्यातून या कामगारांच्या मागे गुलामगिरीविरोधी चळवळीची दोन पिढ्यांची मशागत होती. युद्धाच्या आधीच, १८५९ मध्ये, सेरा पार्कर रेमंड या कृष्णवर्णीय अमेरिकी वक्त्या मँचेस्टरला येऊन सांगून गेल्या होत्या, की तुमच्या रस्त्यांतून जाणाऱ्या या गाठींच्या मोलातली एक कवडीही ज्यांनी त्या पिकवल्या त्यांना मिळत नाही. १८६२ साली गिरणीचा भोंगा बंद पडला, तेव्हा अशा भाषणांना निराळा अर्थ आला असणार.

आणि ‘धीरोदात्त कामगार’ ही दंतकथा एवढी का टिकली, याचे उत्तर अमेरिकेत नव्हे, इंग्लंडमध्येच शोधायला हवे. या कामगारांपैकी बहुतेकांना तेव्हा मताचा हक्क नव्हता. टंचाईच्या काळात ते दंगा न करता, तत्त्वाला धरून राहिले, हा मताधिकार वाढवण्याच्या बाजूचा फार उपयुक्त पुरावा होता. ब्राइट यांनी तो वापरला. ऑक्टोबर १८६२ मध्ये न्यूकॅसलला भाषण करताना, दक्षिणेच्या नेत्यांनी एक राष्ट्र घडवले आहे अशी वाहवा करणारे अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनीही पुढे लँकेशायरच्या संयमाचा दाखला देत मताधिकाराची बाजू घेतली. १८६७ चा सुधारणा कायदा आला. दंतकथेने आपले काम चोख बजावले. ती पूर्ण खोटी नव्हती, म्हणूनच तर चालली.

आता समुद्राच्या अलीकडे. १८६२ मध्ये ब्रिटनला आलेल्या कापसात हिंदुस्थानचा वाटा तीन-चतुर्थांशांवर गेला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाड इकडचा बराचसा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘सुरत’ या एका नावाने ओळखला जाई. धागा आखूड, त्यात माती, सरकी, कधी वजन वाढवायला मारलेले पाणी. चात्यांवर तो सारखा तुटे, आणि तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्या कामगाराची कमाई त्याबरोबर तुटे. ‘देवा, कापूस पाठव, पण सुरत नको’ अशी प्रार्थना कोण्या मजुराने केल्याचा किस्सा लँकेशायरमध्ये सांगतात. त्याच्या खरेपणाची हमी कोणी देऊ नये. पण पुढची गोष्ट न्यायालयातली आहे. १८६३ मध्ये बिअर गाळणाऱ्या दोघा भागीदारांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला, कारण कोणी तरी जाहिरात देऊन त्यांना ‘सुरत बिअरवाले’ म्हटले होते. सुरत म्हणजे भेसळ, असा अर्थ त्या भागात रूढ झाला होता. व्यापाराच्या संबंधातून एका देशाची दुसऱ्या देशात प्रतिमा कशी तयार होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला माहीत नाही. जो कापूस या लोकांना अर्धेमुर्धे का होईना तगवत होता, त्याच्याच नावाची शिवी झाली. त्याच वर्षी मुंबई सरकारने कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला.

मुंबईत मात्र पैशाचा पूर आला. युद्धाच्या वर्षांत नेहमीपेक्षा ७ ते ८ कोटी पौंड जास्त आले, असा तेव्हाचा अंदाज. प्रेमचंद रायचंद, बॅकबेच्या भरावाची कंपनी, रोज उगवणाऱ्या बँका, शेअरांचा सट्टा हा भाग बहुतेकांना माहीत आहे, म्हणून तो इथे आवरता घेतो. एवढेच नोंदवतो, की राजाबाई टॉवरच्या उभारणीला प्रेमचंद यांनी दिलेला पैसा याच तेजीतला. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण गेले. मुंबईत बातमी पोहोचली तशी रुई गडगडली, आणि १ जुलैला वायद्यांचा हिशेब पुरा करण्याचा दिवस उजाडला तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. लँकेशायरच्या कामगाराला ज्या तहाची आस होती, त्याच तहाने मुंबईचे दिवाळे काढले. एकाच युद्धाकडे दोन व्यापारी शहरे किती वेगळ्या डोळ्यांनी पाहत होती!

त्यातही मुंबईच्या पलीकडे, घाटावर, आणखी एक दृष्टी होती. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि केलेल्या त्यागाबद्दल. फुले यांचा अमेरिकेशी कापसाच्या नफ्यातोट्याचा संबंध नव्हता. त्यांना त्या युद्धातून निघालेला एक शब्द हवा होता, आणि तो त्यांनी इथल्या जातिव्यवस्थेवर लावला.

युद्धानंतर काही वर्षांतच लँकेशायरच्या गिरण्या पुन्हा अमेरिकी कापसाकडे वळल्या, आणि १८७० चे दशक सरेपर्यंत दक्षिणेने आपली जुनी जागा मिळवली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी ‘उमरावती’ कापूस मागे पडला. गाठी पूर्वीसारख्याच त्याच धक्क्यावर उतरू लागल्या. त्या वेचणारे हात आता कायद्याने मोकळे होते. त्यांपैकी असंख्य मळेवाल्याची जमीन बटाईने करत होते आणि दरसाल त्याच्याच दुकानाच्या उधारीत अडकत होते.

मँचेस्टरमध्ये लिंकन यांचा पुतळा आहे. १९१९ मध्ये तो शहराला भेट म्हणून मिळाला. १९८६ मध्ये तो सध्याच्या लिंकन चौकात हलवला, तेव्हा चौथऱ्यावर त्यांच्या त्या पत्रातला मजकूर कोरला, मात्र ‘कामगार पुरुष’ याऐवजी ‘कष्टकरी लोक’ असे शब्द घातले. लिंकन यांनी तसे लिहिले नव्हते. पण १८६२ साली गिरण्यांत काम करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका आणि मुली होत्या.